पायाची आग थांबली तेव्हा

त्या दिवशी दवाखान्यात आम्ही पाच जण होतो. एक डॉक्टर. एक कंपाउंडर व्यंकटेश. एक मिलिंद, तो औषध कंपनीचा माणूस, पुण्याहून बदली होऊन आलेला, उन्हातसुद्धा टाय लावायचा. एक केशवअण्णा टेलर, ते पेशंट. आणि पाचवी मी, तानाबाई. बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती, पण तिला ऐकायला कमी यायचं, तिला धरत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या बाई म्हणाल्या, दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, बाई, माझं काम काय, लोकांचे पाय धुवायचं. त्या म्हणाल्या, तेच लिहा. मी निपाणीत चौथीपर्यंत शाळेत गेले, पुढं तंबाखूच्या वखारीत. त्यामुळं बोलते तसंच लिहिणार. जोडाक्षरं तुम्ही नीट करून घ्या.

मालकांना इथं बेंगळूरला गिरणीत काम लागलं म्हणून मी आले. मग मालक वारले, नंतर गिरणी बंद पडली. पोरबाळ नव्हतं. मी राहिले. मल्लेश्वरमात एका आतल्या क्रॉसला, म्हणजे आडव्या रस्त्याला, शुगरच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथं आया म्हणून लागले. नव्वद सालानंतरची गोष्ट. तेव्हा त्या रस्त्याला सकाळी फुलवाल्या बसायच्या आणि दुपारी कुत्रीसुद्धा झोपायची.

काम असं. शुगरचा पेशंट आला की त्याला स्टुलावर बसवायचं, कोमट पाण्यात पाय धुवायचे. पाणी आधी स्वतःच्या कोपरानं बघायचं, पेशंटला विचारायचं नाही. त्याला गरम कळत असतं तर तो आला कशाला असता? मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवा उजेडाकडं धरायचा, कुठं चीर, फोड, काटा दिसला तर डॉक्टरांना हाक मारायची. दाराबाहेरच्या चपला उलट्या करून झटकायच्या. एकाच्या चपलेत मला किल्ली सापडली होती. घराची किल्ली. दोन दिवस घरभर शोधत होता, पायाखाली घेऊन फिरत होता.

हे कशानं होतं ते डॉक्टरांनी मला एकदा सांगितलं. कन्नडात सांगितलं, मी मराठीत सांगते. म्हणाले, "तानम्मा, नसा म्हणजे विजेच्या तारा समज. फार वर्षं साखर वाढलेली राहिली की तारा खराब होतात. आधी ठिणग्या उडतात. मग दिवा जातो." ठिणग्या म्हणजे पायाची आग. मुंग्या येतात, सुया टोचतात, चादर लागली तरी सहन होत नाही. त्यानंतर कापसावर चालल्यासारखं. आणि मग काहीच नाही.

लोक यायचे ते आगीसाठी. आणि मागायचे ते तांबडं इंजेक्शन.

तांबड्या इंजेक्शनाचं कारण कमलम्मा. ही बाई कडक सोवळ्याची, दूधसुद्धा चालत नसे, चालताना झोकांड्या जायच्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बारा नंबरचं जीवनसत्त्व अंगात उरलंच नव्हतं. शुगरची एक गोळी फार वर्षं घेतली की त्यानंही ते कमी होतं म्हणाले. ते औषध तांबडं असतं, डाळिंबाच्या रसासारखं. व्यंकटेशनं इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत कमलम्मा काठी टाकून देवळात चालत गेली. झालं. सगळी गल्ली दवाखान्यात. "कमलम्माला दिलं ते द्या."

डॉक्टर घसा कोरडा करायचे. "तिच्या अंगात नव्हतं म्हणून दिलं. तुमच्या अंगात आहे. आहे त्यात ओतून काय करू?"

"असू द्या डॉक्टर, ताकद येईल."

व्यंकटेश मला हळूच म्हणायचा, "अक्का, देव कुठल्याही रंगाचा चालतो, इंजेक्शन मात्र तांबडंच पाहिजे."

एक निवृत्त मास्तर होते, त्यांना कुणी तरी सांगितलं, कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडाचं असतं. तेव्हापासून ते कॅप्सूल फोडून आतली पूड दहीभातावर घालून खायचे. भात पिवळा व्हायचा. मला म्हणाले, "चव वाईट आहे, पण धर्म राहिला."

मिलिंद यायचा तो असल्याच वस्तू घेऊन. टॉनिक, कॅप्सुला, पिवळ्या तेलाच्या चकचकीत गोळ्या. दवाखान्यात कामाला असलेल्यांत मराठी कळणारी मी एकटी, म्हणून माझ्याजवळ येऊन बसायचा. "मावशी, हे बघा लेटेस्ट. नर्व्हसाठी. फॉरेनमध्ये एक फूल असतं, फक्त संध्याकाळी फुलतं, त्याच्या बियांचं तेल."

"संध्याकाळी फुलतं? म्हणजे गुलबक्षी की."

"गुलबक्षी नाही हो मावशी!"

"मग दाखव फूल."

फूल काही त्यानं कधी बघितलं नव्हतं. हसायचा. पोरगं वाईट नव्हतं. खोलीवर एकटं राहायचं, सांबार बाधतं म्हणायचं.

आता केशवअण्णा. दवाखान्यात लागले त्या पहिल्या आठवड्यातच माझ्या हातून पाण्याचं घमेलं पडलं आणि तोंडून निघालं, "आई गं, मेलं हे घमेलं!" बाकावरून आवाज आला, "कुठल्या गावची गं तू?"

इतक्या दिवसांनी कुणी मराठीत विचारलं. मी घमेलं तसंच सोडून म्हटलं, निपाणीची.

अण्णा शिंपी. त्यांचे पणजोबा कधीतरी इकडं आले, तेव्हापासून हे बेंगळूरचेच. दवाखान्यासमोर कोपऱ्यावर त्यांचं दुकान, एक मशीन, एक कपाट, भिंतीला टेकून शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. बायको गेलेली, मुलगी हुबळीला दिलेली. त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं. "स्वल्प बस की, सरी, चहा सांगतो." स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, दोन्ही कानडी. मी म्हटलं, "अण्णा, ही कसली मराठी?" तर म्हणाले, "पणज्यानं आणली तीच आहे. तेव्हापासून धुतली नाही, म्हणून रंग उतरला."

मग रोज दवाखाना बंद झाला की मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायची. ते शिवायचे, मी काजं करायची. बोलणं काय, आज भाजी काय, निपाणीत पाऊस किती, मशीनला तेल कुठलं चांगलं. एवढंच. पण मराठीत. तेवढ्यावर माझा दुसरा दिवस निघायचा.

अण्णांना शुगर जुनी. पायाची आग इतकी की शिवता शिवता पाय ओल्या फरशीवर ठेवायचे. डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्या दिल्या, खाणं सांगितलं, आणि आगीला थोडा आराम म्हणून मिलिंदनं फुकट नमुन्याला ठेवलेल्या जीवनसत्त्वाच्या तांबड्या कॅप्सुला दिल्या. अण्णांनी काय केलं, शुगरच्या गोळ्या सोडल्या आणि तांबड्या धरल्या. पुढं हॉस्पिटलात मला म्हणाले, "त्या पांढऱ्या गोळीनं घाम सुटतो, हात थरथरतात, काज वाकडं होतं. ही तांबडी कशी, शांत." दुकानातून आणून जास्तच खायचे. जेवण वेळेवर नाही आणि गोळी घेतली की घाम सुटणारच, पण हे त्यांनी तेव्हा डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. मलाही नाही. ते नंतर कळलं.

आणि एक दिवस आग थांबली.

तोच हा दिवस. उगादी, म्हणजे आपला पाडवा, होऊन गेली होती. अण्णा धारवाडी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात. "डॉक्टर, तोंड गोड करा! आग गेली. पार गेली. चार रात्री मुलासारखा झोपलो." मिलिंद तिथंच बॅग घेऊन बसलेला, त्यालाच पहिला पेढा. "तुझ्या कॅप्सुलानं केलं बघ. पुण्याच्या माणसाकडून कधी नव्हे ते काहीतरी फुकट मिळालं." मिलिंद खूश. व्यंकटेश म्हणाला, "आता सगळी गल्ली कॅप्सुला मागणार." डॉक्टर आत हात धूत होते. मी सगळ्यांत खूश. अण्णांना स्टुलावर बसवलं, घमेलं पुढं ओढलं.

पाय धुताना अण्णा गोष्ट सांगत होते. एका गिऱ्हाइकानं स्वतःच्या लग्नाची पँट वीस वर्षांनी मोठी करायला आणली होती, ती गोष्ट. मी उजव्या पायाचा तळवा उजेडाला धरला. अंगठ्याच्या मागं, मऊ भागात, एक काळा ठिपका. भोवती कातडी फुगलेली. मला वाटलं खडा असेल. अंगठ्यानं दाबलं. आत काहीतरी कडक लागलं. पिवळं पाणी आलं.

अण्णा गोष्ट सांगतच होते.

मी जोरात दाबलं. नख लावून दाबलं. वर बघितलं.

"...तर मी म्हटलं, साहेब, पँट मोठी होईल, लग्न नाही होणार," अण्णा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आले, खाली बसले, बघितलं. अण्णांना म्हणाले, "डोळे मिटा. मी कापूस लावतो, लागला की हो म्हणा." अण्णांनी शाळेतल्या पोरासारखे डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी कापूस हातातच धरला, लावला नाही. विचारलं, "लागला?"

"हो."

"आता?"

"हो, लागला की. अंगठ्याला."

कापूस हवेत. मिलिंदनं तोंडात घातलेला पेढा तसाच धरून ठेवला होता.

मग डॉक्टरांनी व्यंकटेशला चिमटा मागितला. पाय स्वच्छ केला, कातडी बाजूला केली आणि ओढलं. मशीनच्या सुईचा तुकडा. टोकाकडचा, भोकासकट. पूसुद्धा आला. किती दिवसांचा होता देव जाणे.

अण्णांचे डोळे अजून मिटलेले. म्हणाले, "स्वल्प लवकर सुरू करा डॉक्टर, दुकान उघडं टाकून आलोय."

डॉक्टरांनी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. हाताला कळलं. शिंप्याचा हात तो. डोळे उघडायच्या आधीच ओळखलं.

मग डॉक्टरांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. "केशवराव, आग थांबली ती नसा सुधारल्या म्हणून नाही. आग सांगणारी नसच गेली." अण्णांनी विचारलं, "मग कॅप्सूल?" डॉक्टर म्हणाले, "कॅप्सूल खोटी नाही. ज्याला कमी आहे त्याला ती लागतेच. पण साखर तशीच ठेवून नुसती ही खाणं म्हणजे पत्रा गळतो आणि तुम्ही भिंतीला रंग देता. आणि यातलं एक जीवनसत्त्व फार दिवस जास्त खाल्लं तर त्यानंच पाय बधिर होतात. मी सांगितली तेवढीच खायची होती." मिलिंदनं बॅग हळूच पायामागं सरकवली. तो पुढच्या खेपेला आला तेव्हा माझ्याजवळ बसून म्हणाला, "मावशी, माझ्या वडलांनाही शुगर आहे. मी त्यांना याच कॅप्सुला पाठवतो, आणि दुसरं काही विचारत नाही." मी म्हटलं, "मग विचार."

पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला. शेवटी बाहेरच्या म्हातारीनं एक मागून घेतला.

अण्णांना मोठ्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय राहील की जाईल, बरेच दिवस कुणी सांगेना. पाय गेला असता तर अण्णा गेले असते, मला माहीत होतं. ते जेवण सोडतील, मशीनचं पायडल सोडणार नाहीत. मुलगी हुबळीहून आली, राहिली, तिचीही पोरं लहान, परत गेली. मी दवाखाना सुटला की जायची. बाजूच्या खाटेवरच्यानं विचारलं, "ही बायको का?" अण्णा म्हणाले, "नाही, ही माझी मराठी." त्याला काही कळलं नाही.

जखम भरली. पाय राहिला. डॉक्टरांनी शुगरच्या गोळीची वेळ जेवणाशी बांधून दिली, घाम सुटायचा थांबला. पण एक अट घातली. यापुढं अनवाणी पाय जमिनीला नाही आणि पायडललाही नाही. बूट घालून शिवायचं.

इथं गाडं अडलं.

शिंप्याच्या घरात मशीन म्हणजे लक्ष्मी. सकाळी तिला हात जोडून, चप्पल दाराबाहेर काढून बसायचं. टेलरच्या पायाखाली जमिनीवर सुयांचे तुकडे, टाचण्या असतात, तरी अनवाणीच. अण्णांचे वडील तसे, आजोबा तसे. अण्णा म्हणाले, "लक्ष्मीला चप्पल लावू? त्यापेक्षा पाय कापून न्या." डॉक्टर म्हणाले, तेच होईल. व्यंकटेशनं समजावलं, मुलीनं फोनवरून रडून सांगितलं. अण्णा "सरी, सरी" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी. मी पायरीवरून बघत बसायची. दोन बोटं नसलेला पाय पायडलवर, खाली जमिनीवर टाचण्या चमकतात.

दसरा आला. बेंगळूरला आयुधपूजा केवढी, रिक्षा, बस, जात्यापासून कोयत्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू. रस्त्यात कुंकू घातलेले कोहळे फोडलेले, पाय घसरतात. अण्णांनी मशीन धुऊन पुसून झेंडूची माळ घातली. मी घरून नवे कॅनव्हासचे बूट घेऊन गेले. जाड तळाचे, जमिनीला न लागलेले. एका ताटात ठेवले, ताट मशीनपुढं. हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडू.

शेजारचा फोन बूथवाला बाहेर येऊन हसायला लागला. "अय्यो, तानाक्का बुटाची पूजा करते!" चार लोक जमले. माझं तोंड तापलं, पण मागं फिरले नाही. म्हटलं, "अण्णा, ही चप्पल नाही. ही जमिनीला लागलेली नाही, लागणारही नाही. ही फक्त पायडलची. मशीनचं एक हत्यार समजा."

अण्णा बघत राहिले. म्हणाले, "आणि पूजा केलेली वस्तू पायात घालू? आता तर अजिबातच नाही."

लोक हसले. मग मला राग आला.

"मशीन देव आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग तिला रोज पाय लावता की नाही? चाळीस वर्षं देवाला लाथा मारताय, तेव्हा चाललं?"

अण्णा मशीनवर बसले. पाय थोडे पुढं केले. माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीकडं बघत होते. मी उजव्या बुटात गेलेल्या बोटांपुरता कापूस भरला. बूट त्यांच्या पायांत घातले, नाडी बांधली.

त्यानंतर अण्णांनी काही वर्षं शिवलं. पण पाय हलतोय की नाही हे त्यांना पायानं कळत नसे. चाकाकडं बघून शिवायचे, आणि बारीक शिवण आली की चाकाकडं बघता येत नसे. तेव्हा विचारायचे, "तानाक्का, चाललाय का गं पाय?" मी काज करता करता म्हणायची, "चाललाय, अण्णा." थांबला असला तर "थांबलाय" म्हणायची. गिऱ्हाइकांना चेष्टा वाटायची. आम्हाला सवय झाली.

मग त्यांच्या डोळ्यांतही शुगर उतरली. मुलगी येऊन हुबळीला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, "हुबळीत मराठी बोलणारे लई आहेत गं." म्हणजे त्यांची काळजी मी करू नये असं. माझी कुणाला होती? तिकडं काही वर्षांनी ते वारले. बूथवर फोन आला. मुलगी म्हणाली, शेवटपर्यंत पाय नीट होता, पुन्हा जखम झाली नाही. दोन बोटं सोडली तर अण्णा सगळा पाय घेऊन गेले. माझ्या कामात मला एवढं एक नीट झालेलं माहीत आहे.

पुढं डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. व्यंकटेशनं मेडिकल काढलं. मिलिंद परत पुण्याला गेला. अण्णांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मेडिकलच्या काचेत बघते तर जीवनसत्त्वांच्या बाटल्याच बाटल्या, फिल्मस्टारचे फोटो लावलेल्या. लोक भाजी घेतल्यासारख्या नेतात. मला काही म्हणायचं नाही. ज्याला डॉक्टरनं दिली त्यानं खावी. मीही खाते, माझ्या रक्तात कमी निघालं म्हणून.

हो, मलाही शुगर आहे. सात-आठ वर्षं झाली. पांढरी गोळी वेळेवर घेते. तळपायाची आग होते, पडल्यावर जास्त. लोक आग होते म्हणून रडतात, मी पडल्या पडल्या म्हणते, बरं आहे, नसा अजून आहेत. घरात जागं तेवढंच असतं.

सकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. पाण्यात कोपर घालते. सगळं येतं मला, आयुष्यभर तेच केलं. एक तेवढं येत नाही. डोळे मिटून कापसाची परीक्षा. करून बघितली. आपलाच हात, आपलाच पाय. कापूस कधी लागणार हे हाताला आधीच ठाऊक असतं आणि तोंड आपोआप हो म्हणतं. त्याला दुसरं माणूस लागतं.

म्हणून वाचणाऱ्याला एवढीच विनंती. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, शुगरचं जुनं माणूस असेल तर आज त्यांच्याजवळ जमिनीवर बसा. पाय कसे आहेत म्हणून विचारू नका, ते बरे आहेत असंच सांगतील. पाय मांडीवर घ्या. तळवे उजेडाला धरा. डोळे मिटायला सांगा, कापूस फिरवा आणि लागला का विचारा. आणि एकदा कापूस न लावताच विचारा. हो म्हणाले तर उद्या त्यांना डॉक्टरकडं न्या.